कोऱ्या कापडाचा वास

दिवाळी अंकाच्या संपादकबाई लेख मागायला आल्या तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. दारातून आत पाऊल टाकताच त्या म्हणाल्या, "अगबाई, काय छान वास सुटलाय!"

मी विचारलं, "कसला?"

त्या गोंधळल्या. "म्हणजे... शेंगदाण्यांचा," म्हणाल्या. मी दाणे सुपात ओतले आणि त्यांना पाट दिला. बिचारीला वाटलं असेल, म्हातारी तिरसट आहे. आहेच मी. पण तो प्रश्न मी तिरसटपणानं विचारला नव्हता. मला वास येत नाही. लोकांच्या घरचे शेंगदाणे, काजू, बदाम भाजून जिनं आपला संसार उभा केला, तिला त्यांचा वास ठाऊक आहे तो तरुणपणचा, आठवणीतला. तेव्हा कुणी वास आला म्हणालं की मला तो कसला ते ऐकायची हाव सुटते. आजवर तसं धड सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं होतं.

माझं माहेर करकंबचं, सासर मोडनिंबचं, पण नांदले मी सोलापुरात. लग्न झालं तेव्हा आमचे हे कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे तिथल्या यंत्रमागावर होते. साखर पेठेत एका चौकात आमची खोली होती. चारी बाजूंनी तेलुगू विणकरांची बिऱ्हाडं आणि घराघरात माग. सकाळपासून जी खटखट सुरू व्हायची ती दुपारच्या जेवणाला तेवढी थांबायची. मला सुरुवातीला त्या आवाजानं वेड लागायची पाळी आली होती. यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, कारण गिरणीतल्या साच्यांनी यांचे कान आधीच खाल्ले होते. नव्या नवरीनं लाजत हळू आवाजात बोलावं, तर हे म्हणायचे, "काय?" मग मी ओरडायची. चौकात सगळ्यांचा समज झाला की नवी सून भांडखोर आहे. हे स्वतःही ओरडूनच बोलायचे, त्यामुळे आम्हा नवराबायकोत गुपित म्हणून काही राहिलं नाही.

धंदा सुरू झाला तो वासामुळेच. एकदा चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. समोरची नरसम्मा पदराला हात पुसत दारात आली. ही माझ्याच वयाची, चार शब्द मराठी आणि बाकी हातवारे, असं तेव्हा तिचं बोलणं.

"अक्का, काय भाजतीस? आमचा मालक नुसता धोटा धरून बसलाय. मागच चालंना!"

मी तिला ओंजळभर दाणे दिले. दुसऱ्या दिवशी ती कच्चे दाणे घेऊन हजर. "हे पण तसंच करून दे की." तिचे भाजले, मग तिच्या जावेचे, मग पलीकडच्या गल्लीतल्या कुणाकुणाचे. पुढे पुढे पेठेबाहेरच्या मोठ्या घरांतून बोलावणी यायला लागली. लग्न, बारसं, दिवाळी आली की घरोघर लाडू, चिवडा, चटण्या. आणि त्या घरांतल्या बायका सुगरणी असल्या तरी भाजायला बसल्या की हमखास घाई करायच्या. मी माझी कढई आणि उलथनं घेऊन जायची. दुसऱ्याच्या कढईवर माझा भरवसा नसायचा.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण संपादकबाईंनी तशी ताकीद दिली आहे. शेंगदाणा चुलीवर भाजला जातो असा सगळ्यांचा समज असतो. निम्माच भाजला जातो चुलीवर. उरलेला तो खाली उतरवल्यावर, आपल्याच उष्णतेत भाजतो. म्हणून पूर्ण झाला असं वाटायच्या जरा आधी उतरवायचा असतो, आणि ते जरा आधी म्हणजे कधी, एवढंच काय ते या धंद्यातलं शहाणपण. कढई जाड हवी. जाळ गोवरीचा हवा. कपाशीच्या पळकाटीचा जाळ भडकतो आणि दाणा वरून काळा, आतून कच्चा राहतो. उतरवल्यावर सुपात पसरायचा, झाकायचा नाही. गरम दाणा झाकला की त्याला घाम येतो आणि तो सादळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, गरम असताना तो मऊच लागतो. कुरकुरीतपणा येतो निवल्यावर. हे ज्याला पटत नाही त्याच्या घरी सोलापुरात जळकी चटणी खायला मिळते.

अक्कलकोटकडच्या एका व्यापाऱ्याचं घर होतं. त्यांच्या म्हाताऱ्या आप्पांना हे कधीच पटलं नाही. मी भाजायला बसले की ते शेजारी बसायचे, कढईतला गरम दाणा उचलून तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "इन्नू स्वल्प!" अजून थोडं. परत एक दाणा, परत "इन्नू स्वल्प!" एकदा मी सरळ कढई उतरवली, दाणे पसरले आणि आप्पांच्या हातात गुळाचा खडा दिला. म्हटलं, "हा संपेपर्यंत सुपाला हात लावायचा न्हाय." आप्पा रागानं गूळ चघळत बसले. गूळ संपला, त्यांनी एक दाणा चावला. कुर्रर्र आवाज झाला. आप्पांनी मूठ भरून घेतली आणि ते ओसरीवर निघून गेले. पुढच्या खेपेला मात्र पुन्हा "इन्नू स्वल्प" होतंच. माणसाचा स्वभाव गुळाच्या खड्यानं बदलत नाही.

दुसऱ्या होत्या माई, वकिलांच्या घरच्या. त्यांना दाणे पांढरेशुभ्र हवे असायचे, कारण लाडू पांढरे दिसले पाहिजेत. मी एकदा वैतागून म्हटलं, "माई, मग कच्चेच कुटा की. माझी कढई कशाला तापवायची?" घरातल्या सुना घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. माई खो खो हसल्या. तेव्हापासून त्या घरी मला भाजायला कमी आणि गप्पांना जास्त बोलावणं यायचं.

हे सगळं मी करत होते ते नाकाच्या जोरावर. कच्च्या दाण्याचा उग्र वास, मग तो निवळतो, मग मधेच थोडासा दुधासारखा होतो, आणि मग एकदम खमंग. ते खमंग येतंय म्हणताना उतरवायचं. मी डोळे मिटून भाजू शकायची. कुणाशी भांडताना भाजू शकायची. काजूचं तर असं की तो बघता बघता दगा देतो. डोळ्याला रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पण माझं नाक त्याच्याही आधी सावध व्हायचं.

एका थंडीत मला ताप आला. नुसता ताप नव्हे, डोकं फोडणारी सर्दीही. नरसम्मानं माझं सगळं केलं. ताप उतरला, सर्दी ओसरली, मी उठून बसले. फोडणीत लसूण टाकला आणि वाटलं, लसूण जुना निघाला. मग गोवरी पेटवली, धूर डोळ्यांत गेला, पण नाकाला काही समजलं नाही. मी घाईघाईनं कढई चढवली, दाणे टाकले आणि चुलीवर जवळजवळ ओणवी झाले. दाणे हलत होते, वाफ येत होती, वास नव्हता. चित्रातली कढई हलवावी तसं झालं. मी तिथेच बसून रडले.

वैद्यांनी वेखंडाची धुरी दिली, नाकात तूप सोडलं. "येईल हळूहळू," म्हणाले. तो आलाच नाही. माणसं म्हणायची, वासाचं काय एवढं, डोळे शाबूत आहेत ना? त्यांचंही बरोबर होतं. पण मला घर परकं झालं होतं. यांच्या सदऱ्याला गिरणीतल्या तेलाचा वास यायचा, त्यावरून मी पूर्वी नाक मुरडायची. तो सदरा तोंडाला लावून मी बसायची, आणि नुसतं कापड लागायचं.

त्यातच माईंच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवताचे लाडू, चिवडे, काजू, बदाम, सगळं भाजायचं काम माझ्याकडे. मी जाऊन त्यांना साफ सांगितलं, "माई, माझं नाक गेलंय. दुसरी कुणी बाई बघा."

"दुसरी कोण बघू? मी बसते तुझ्या शेजारी. वास मी सांगेन, हात तुझा चालव."

माई बसल्या. मी काजूचा पहिला घाणा टाकला. कढई पुरती तापलीही नसेल, माई म्हणाल्या, "वा, छान वास येतोय." थोड्या वेळानं पुन्हा, "छान येतोय हं." मग त्या आहेराच्या साड्यांबद्दल बोलायला लागल्या, वाजंत्रीवाल्यांशी बोलायला उठल्या. मी हलवत राहिले. लग्नघराचा गोंगाट, जात्यावर बायका गात होत्या. वर बघितलं तर सगळ्या बायकांनी पदर नाकाला लावलेले, कुणी खिडकी उघडतंय, एक पोर खोकतंय. आणि मी आपली हलवतेच आहे. माझ्या डोळ्यांसमोर काजू काळे झाले होते, धुरात मला तेही दिसलं नव्हतं.

एका सुनेनं माझ्या हातातलं उलथनं हळूच काढून घेतलं. तेच जास्त लागलं. माई हळूच म्हणाल्या, "अनसूया, लग्नाला अजून पंधरवडा आहे. मी इतक्यात दुसरी बाई शोधत नाही. नाहीच जमलं तर मात्र सांग."

मी कढई डोक्यावर घेऊन घरी आले. पंधरवड्यात नाक येणार नव्हतं हे मला कळून चुकलं होतं. हा धंदा गेला तर गिरणीच्या एका पगारात कसंबसं भागलं असतं. पण मग मी कोण होते? करकंबची अनसूया चार घरी जाऊन भांडी घासणार होती, तेही मला चाललं असतं. नुसतं कढईपाशी पुन्हा बसायचं नाही, हे मात्र सोसवत नव्हतं.

संध्याकाळी हे गिरणीतून आले. तोपर्यंत माग थांबले होते. मी यांना हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि कढईत दाणे टाकले.

"अवो, तुमी हितं बसा. वास कसा येतोय ते सांगा."

"काय?"

"वास! वास सांगा! आणि छान म्हणायचं न्हाय!"

"मला काय कळतंय त्यातलं? मी साच्यावरला माणूस."

"मग साच्यावरलंच सांगा की!"

यांनी मान खाली घातली, नाक पुढे केलं. बराच वेळ गेला. मग गिरणीत ओरडतात तसे ओरडले, "भिजल्या सुताचा हाय!"

मी दाणे हलवत राहिले. थोड्या वेळानं, "आता खळीचा! खळ शिजती न्हवं, तसा!" सुताला कडक करायला जी पेज लावतात ती खळ. मला हसू फुटलं, पण समजलं. उग्रपणा निवळून तो जो मधला दुधासारखा वास येतो, तोच तो. मी हात जलद केला. यांनी डोळे मिटले होते.

"आला! कोऱ्या कापडाचा आला! नवं ठाण उलगडल्यावाणी! उतरव, उतरव!"

उतरवले. निवल्यावर चावले तर दाणे जसे हवेत तसे. आम्ही दुसरा घाणा टाकला, तो मुद्दाम पुढे जाऊ दिला, तेव्हा यांनी तोंड वाकडं केलं. "ह्यो पट्टा जळल्याचा." गिरणीत साच्याचा चामडी पट्टा घसरून जळतो, त्याचा.

त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आणखी एक आलं. वास नसल्यानं मी कान देऊन बसले होते. सुताच्या वेळी दाणे कढईवर बद्द वाजतात. खळीच्या वेळी तडतडतात. आणि ती तडतड संपून दाणे कवड्यांसारखे कोरडे खुळखुळायला लागले की यांचं कोरं कापड येतं. पुढचे सगळे दिवस आम्ही रोज संध्याकाळी हेच केलं. हे वास सांगायचे, मी त्याला आवाज जोडून ठेवायची. यांना ऐकू येत नव्हतं, मला वास येत नव्हता. दोघांत मिळून एक धड भाजणारी बाई तयार होत होती. मधल्या काळात किती जळके दाणे पोटात गेले ते विचारू नका.

आवाज जमला, पण लग्नघराच्या गोंगाटात तो ऐकू येणार नव्हता. मी माईंना म्हटलं, जिन्नस माझ्या घरी पाठवा. तसे ते आले, आणि मग मी कपाळाला हात लावला. दिवसभर आमच्या चौकात मागांची खटखट! नुसत्या संध्याकाळी भाजून तो ढीग संपणार नव्हता. नरसम्मा कमरेवर हात ठेवून पोत्यांकडे बघत उभी होती.

"अक्का, दुपारी आमी जेवतो, तवा माग थांबतोच की. तवा भाज."

"अगं पण तुमचं जेवण कितीसा वेळ चालतंय?"

"हळू जेवू," ती म्हणाली.

आणि खरंच जेवले ते हळू. सगळा चौक लग्नापर्यंत दुपारी हळू जेवला. मागावर पोट असलेली माणसं, ज्यांचा हात थांबला की कापड थांबतं. पोरं ओरडली तर त्यांच्या आया त्यांना गप्प करायच्या. त्या शांततेत मी माईंच्या मुलीचे काजू भाजले, बदाम भाजले, शेंगदाणे भाजले. तशी शांतता मी त्या चौकात आधी कधी ऐकली नव्हती.

सगळं घेऊन माईंकडे गेले. त्यांनी एक काजू उचलला, उजेडात धरला, चावला, सावकाश खाल्ला. मग गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "जरा पांढरेच राहिलेत गं." आणि मला जवळ घेतलं. मी त्यांच्या खांद्यावर रडले, तेव्हा त्यांच्या अंगाला केवड्याचा वास येत होता असं त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून आमच्या चौकात रिवाजच पडला. मागांच्या जेवणाच्या वेळेला माझी कढई चढायची. आणि हे गिरणीतून आले की उंबऱ्यावर थांबायचे, घरात राहिलेला वास घ्यायचे आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं सांगायचे. "आज खळ लई झाली!" म्हणजे एखादा घाणा मी लवकर उतरवला. नाहीतर, "कोरं कापड हाय आज, एक नंबर!" नरसम्माची पोरं यांची नक्कल करायची. मी लटक्या रागानं म्हणायची, "आत तरी या आधी!" पण यांनी ते सांगितल्याशिवाय माझा दिवस पुरा व्हायचा नाही. कानानं मी भाजू शकत होते, एवढंच. तो वास असतो कसा, हे रोज नव्यानं मला यांच्याकडून मिळायचं. आजही सगळ्यात जास्त आठवतो तो यांचा उंबऱ्यावरचा थांबा. पायातल्या चपला काढायच्या आधीचा.

मग गिरणीतल्या कापसाच्या तंतूंनी यांची छाती धरली. काम सुटलं. मोठं माणूस वाळून अंथरुणाला लागलं. आवाज पार खोल गेला. पूर्वी यांनी हळू बोलावं म्हणून मी हात जोडायची. आता यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागायचा.

एका दुपारी यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. काही खायला जात नव्हतं. मी विचारलं, काय पाहिजे?

"दाणे भाज," हे म्हणाले. "खायला न्हाय. वास येऊ दे."

मी कढई यांच्या अंथरुणापासून दिसेल अशी चढवली. माग थांबले होते, चौक शांत होता, ऐकायला काही अडचण नव्हती. पण माझे कान दाण्यांकडे नव्हतेच. यांचा श्वास अडकत होता, सुटत होता, पुन्हा अडकत होता. मी तोच मोजत बसले. हात आपला सवयीनं हलत होता. तडतड केव्हा झाली, केव्हा संपली, मला पत्ता नाही.

हे डोळे मिटून पडले होते. ओठ हलले. मी कढई सोडून वाकले.

"आला गं," हे म्हणाले. "कोऱ्या कापडाचा. उतरव."

मी उतरवायला वळले तेवढ्यात नरसम्मा खरकट्या हातानं धावत दारात आली. "अक्का, काय जळतंय? अगं काय जळतंय?" मी कढईत बघितलं. कोळसा झाला होता. मी ओठांवर बोट ठेवून नरसम्माला गप्प केलं. त्याची गरज नव्हती, यांना तिचं बोलणं ऐकू जाणारच नव्हतं. हे हसत होते. ते जळके दाणे मी सुपात पसरले, रोजच्यासारखे, निवायला.

त्यानंतर हे फार दिवस राहिले नाहीत. इतक्या वर्षांत वासाबद्दल यांनी माझं मन राखायला म्हणून एकदाही काही सांगितलं नव्हतं. खळ तर खळ, पट्टा तर पट्टा. मग त्या दिवशी हे माझ्यासाठी खोटं बोलले, की यांचंही नाक गेलं होतं आणि आठवणीतलाच वास यांना आला, हे मला विचारायचं होतं. पण यांना काही विचारायचं म्हणजे ओरडून विचारावं लागायचं. तसलं ओरडून कसं विचारणार?

ते राहून गेलं. अजून मी दाणे भाजते, कान शाबूत आहेत, घाणा चुकत नाही. येणारी जाणारी माणसं दारातूनच म्हणतात, छान वास सुटलाय. मी विचारते, कसला? कुणी म्हणतं शेंगदाण्याचा, कुणी म्हणतं खमंग. मी मान हलवते आणि दाणे सुपात ओतते. ओतताना नजर उंबऱ्याकडे जाते.